घाटाखालचा देश

बुलढाणा जिल्ह्यात जग दोनच भागांत वाटलेलं आहे: घाटावरचं आणि घाटाखालचं. तालुके तेरा आहेत, पण ते सरकारी कागदांपुरते. चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा, देऊळगाव राजा आणि खुद्द बुलढाणा घाटावर. मलकापूर, मोताळा, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर घाटाखाली. सोयरीक जुळवताना पत्रिका, शेती, नोकरी हे सगळं नंतर येतं, आधी घाट येतो. वरची पोरगी खाली द्यायची म्हटलं की तिची आजी एकच शंका काढते, "पोरीले ऊन सोसंल का?"

आमच्या पुतण्याची बायको चिखलीकडची. लग्न होऊन नांदुऱ्याला आली ती नेमकी ऐन एप्रिलात. मे महिन्यात कूलरसमोर ओला टॉवेल पांघरून बसलेली असताना तिच्या तोंडून निघून गेलं, "याच्याहून खाली गाव नसंल ना आता?" वहिनींनी, म्हणजे तिच्या सासूबाईंनी, ते ऐकलं आणि गाठीला बांधून ठेवलं. पुतण्या शेगावच्या गजानन महाराज इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलेला. दिवाळीनंतर त्याला नेदरलँड्समध्ये आइंडहोवनजवळ, चिप बनवायची यंत्रं जिथं तयार होतात त्या भागात नोकरी लागली, आणि दोघं गेले. तेव्हापासून वहिनी ज्याला त्याला सांगतात, बोलताना जपून बोलावं, वास्तुपुरुष तथास्तु म्हणत असतो.

कारण तो देश सगळाच्या सगळा घाटाखाली आहे. त्याचा पाव हिस्सा तर समुद्राच्याही खाली. ती ज्या स्किपोल विमानतळावर उतरली, तो एका तळ्याच्या बुडात आहे. हार्लेममेर नावाचं मोठं तळं डच लोकांनी वाफेचे पंप लावून उपसलं, 1852 साली कोरडं केलं, तिथं शेती केली, गावं वसवली आणि पुढं विमानतळही बांधला. पुतण्यानं हे फार कौतुकानं सांगितलं. वहिनींनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, "अन् पाणी वापस आलं म्हणजे?"

याच प्रश्नानं डच लोकांची शेकडो वर्षं झोप उडालेली आहे. पाणी बाहेर काढणारी त्यांची मंडळं तेराव्या शतकापासूनची, आणि त्या मंडळांसाठी आजही वेगळी निवडणूक होते. हे ऐकून आमच्याकडं सगळेच जरा गप्प झाले. आमच्या भागात पाणी आणतो म्हणून मतं मागतात. पाणी काढून टाकतो म्हणून हात जोडत दारात येणारा उमेदवार काही केल्या कुणाच्या डोळ्यांपुढं उभा राहीना. भावानं मात्र व्यवहार पाहिला. "त्याहिले म्हणा, काढलेलं पाणी येळगावच्या धरणात सोडा."

सूनबाईनं पहिल्याच दिवशी घरमालकिणीला इंग्रजीत विचारलं होतं, की नळ किती वाजता येतो? बाईंनी तिला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं आणि भिंतीतला नळ दाखवला. हा कुठं जात नाही, असं त्यांचं म्हणणं. तरी पहिले काही दिवस ती रात्री पातेली भरून ठेवत होती. नळाला दिवसरात्र पाणी आहे यावर माणसाचा एकाएकी विश्वास बसत नाही, निदान आमच्या जिल्ह्यातल्या माणसाचा तरी.

हे सगळे वृत्तान्त दर रविवारी येतात. वहिनींच्या स्वयंपाकघरात ओट्यावर हळदीच्या डब्याला फोन टेकवलेला असतो. भाऊ खुर्चीत, मी दारात, शेजारच्या दोघीतिघी खिडकीत. पूर्वी परदेशाची बातमी अशी लगेच येत नसे. 1883 साली अठरा वर्षांच्या आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून जहाजानं अमेरिकेला गेल्या, न्यू जर्सीत रोझेल गावी कार्पेंटरबाईंच्या घरी राहिल्या आणि 1886 मध्ये फिलाडेल्फियाहून डॉक्टर झाल्या. त्यांची पत्रं आगबोटीनं यायची. घरच्यांनी 'थंडी सोसते का' म्हणून विचारावं आणि उत्तर यावं तोवर तिकडं उन्हाळा लागलेला असायचा. पंडिता रमाबाईंनी तर परत आल्यावर 1889 साली युनायटेड स्टेट्सवर अख्खा ग्रंथच छापला. आमच्या सूनबाईचा ग्रंथ हप्त्याहप्त्यानं चालू आहे, आणि त्याला श्रोते वाक्यावाक्याला अडवतात.

पहिला हप्ता सायकलीचा. पुतण्या कोट घालून, पाठीला सॅक लावून, पावसात सायकलवर कामाला निघाला आहे, असा फोटो आला. वहिनींचा जीव खाली-वर झाला. "नोकरी गेली का रे त्याची?" त्या देशात माणसांपेक्षा सायकली जास्त आहेत आणि मार्क रुट्टे नावाचे त्यांचे पंतप्रधान सायकलवर कामाला जात, हे पटवून द्यायला अर्धा तास लागला. आमच्याकडं नगरसेवकसुद्धा पान खायला स्कॉर्पिओत जातो. सायकल दारात दिसली की लोक समजतात, स्कूटीचा हप्ता थकला.

दुसरा हप्ता डोंगराचा. नवरा एकदा म्हणाला, चल, तुला इथला सगळ्यांत उंच डोंगर दाखवतो. वाल्सरबर्ख नावाचं ते ठिकाण, जिथं नेदरलँड्स, बेल्जियम आणि जर्मनी या तिघांचे बांध एकमेकांना लागतात. उंची 322 मीटर आणि काही सेंटिमीटर. सेंटिमीटरसुद्धा ते लोक सोडत नाहीत. बुलढाणा शहर साडेसहाशे मीटरच्या आसपास बसलेलं. मलकापूरहून राजूर घाट चढताना लेकरं ओकतात, म्हाताऱ्या विठ्ठलाचं नाव घेतात, तेव्हा कुठं बुलढाणा येतं. ही बाई गाडीतून उतरली, दगडापाशी उभं राहून फोटो काढून घेतला आणि नवऱ्याला म्हणाली, "आता घाट कधी लागणार?"

हे झाले किरकोळ धक्के. खरा धक्का खिडक्यांचा होता.

संध्याकाळी दिवे लागतात. पडदे उघडेच. रस्त्याला लागून मोठ्या काचेमागं माणसं जेवत आहेत, टीव्ही बघत आहेत, कुत्र्याला खाऊ घालत आहेत, सगळं स्वच्छ दिसतं. आणि एकही माणूस आत बघत नाही! नांदुऱ्यात प्रत्येक खिडकीला पडदा आहे आणि तरी आत काय चाललंय हे गल्लीला माहीत असतं. तिकडं पडदा नाही आणि कुणाला कशाचा पत्ता नाही. सूनबाई पहिले काही दिवस मान डावीकडं वळवून चालायची. मग नवऱ्यानं समजावलं, असं बघायचं नसतं. "मग त्याहिनं उघडं कायले ठेवलं?" हा वहिनींचा प्रश्न मला अजूनही बिनतोड वाटतो.

"काका, इथं कोणी काही विचारतच नाही," हे तिचं पहिल्या थंडीतलं पालुपद. नवीन ड्रेस घातला, कोणी विचारलं नाही कितीचा. दोन्ही हातांत पिशव्या घेऊन जिना चढली, कोणी विचारलं नाही पाहुणे येणार आहेत का. आईच्या आठवणीनं डोळे सुजले होते, तशीच लिफ्टमध्ये उभी राहिली. शेजारी हवेबद्दल बोलले आणि उतरून गेले. आमच्याकडं मलकापूर–बुलढाणा एसटीत बसा. घाट संपेपर्यंत बाजूच्या माणसाला तुमचं गाव, घरात माणसं किती, लेकरं काय शिकतात, विहिरीला पाणी किती आणि मोठ्या पोरीचं जमलं का, हे सगळं ठाऊक झालेलं असतं. आडनाव सांगितल्यावर तो क्षणभर खिडकीबाहेर बघतो आणि मनातल्या मनात हिशेब लावतो, तो कसला ते तुम्हालाही कळतं. म्हणजे आमची चौकशी काही सगळीच मायेपोटी नसते. पण निदान गप्प तरी कोणी बसत नाही.

याची दुसरी बाजू तिनं वहिनींना सांगितली नाही, माझ्या बायकोला सांगितली. म्हणजे ती मलाही कळली. लग्नाला काही महिने झाल्यावर नांदुऱ्यात दळण टाकायला गेलं तरी चक्कीवाला विचारायचा, "काही गोड बातमी?" नेदरलँड्समध्ये अख्ख्या वर्षात तिला तो प्रश्न एकानंही विचारला नाही. फक्त रविवारी विचारला जातो, हळदीच्या डब्यापासून.

न विचारण्याचं हे शास्त्र चहापर्यंत गेलेलं आहे. शेजारीण म्हणाली, एकदा कॉफीला या. ही लगेच चपला घालू लागली. शेजारणीनं डायरी काढली, पानं उलटली आणि तीन आठवड्यांनंतरचा मंगळवार दिला, साडेदहा ते साडेअकरा. त्या मंगळवारी कॉफीबरोबर बिस्किटांचा डबा पुढं आला, हिनं एक उचललं आणि डब्याचं झाकण लागलं. आग्रह नाही. हिनं 'नको नको' म्हणायची सगळी तयारी करून ठेवलेली, ती वाया गेली. ही गोष्ट ऐकून वहिनींनी खिडकीतल्या बायकांकडं अशा नजरेनं पाहिलं, की जणू त्या शेजारणीच्या घरी मयतच झालं आहे.

त्याच घरात तिला हात धुवायला गेल्यावर संडासात भिंतीवर कॅलेंडर दिसलं. तिला वाटलं, चुकून लावलं असेल. नंतर कळलं, घरोघरी तिथंच असतं. त्यात साल नाही, वार नाही, नुसत्या तारखा आणि त्यांच्यापुढं हातानं लिहिलेली वाढदिवसांची नावं. बसल्या बसल्या रोज वाचून होतं, कुणाचा चुकत नाही. आमचं कालनिर्णय स्वयंपाकघरात, त्यावर दुधाचा हिशेब, सिलेंडरची तारीख, अमुक तिथीला तमुकचं वर्षश्राद्ध. वहिनींनी घाबरत विचारलं, "त्याच्यावर देवाचा फोटो नाही ना?" नाही म्हटल्यावर त्यांना हायसं वाटलं. मग थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, जागा काही वाईट नाही; आपल्याकडचे पुरुष तिथंच जास्त वेळ असतात.

वाढदिवसालाही ती गेली. सगळे खुर्च्या गोल मांडून बसलेले. ज्याचा वाढदिवस त्याचं अभिनंदन करायचंच, पण त्याच्या बायकोचं, आईचं, सासूचं आणि शेजाऱ्याचंही करायचं. ही सगळ्यांशी हात मिळवत गेली आणि गोल असल्यामुळं पुन्हा पहिल्यापाशी आली. केकचा तुकडा एक. जेवण नाही. सहाच्या सुमाराला सगळे आपापल्या घरी, कारण तिकडं सहाला जेवतात.

सहाला! जूनमध्ये सूर्य रात्री दहाच्या सुमाराला मावळतो आणि हे लोक लख्ख उन्हात रात्रीचं जेवून मोकळे होतात. यातूनच संकष्टीचं संकट उभं राहिलं. तिचा उपास चंद्रोदयाला सुटतो. डिसेंबरातल्या संकष्टीला फारशी अडचण आली नाही; दिवस साडेचारलाच बुडतो, ढगांआड चंद्र असेल असं धरून चाललं. जूनमधल्या संकष्टीला तिथं चंद्र उगवायला मध्यरात्र होते. पुतण्यानं मोबाईलवर वेळ काढून दाखवली. वहिनी म्हणाल्या, पोर उपाशी मरंल. दोन्हीकडं बराच खल झाला आणि शेवटी तोडगा वहिनींनीच काढला. उन्हाळ्यात आपलं घड्याळ त्यांच्यापेक्षा साडेतीन तास पुढं. आपल्याकडं रात्री दहा-सव्वादहाला चंद्र निघतो, तेव्हा तिकडं पावणेसात. वहिनी फोन घेऊन गच्चीवर गेल्या आणि त्यांनी सुनेला नांदुऱ्याचा चंद्र दाखवला. तिनं भर उन्हात, खिडकीपाशी उभं राहून, फोनला हळद-कुंकू दाखवलं, ओवाळलं आणि मोदक खाल्ला. त्या रात्री मीही गच्चीवर होतो. आभाळ भरून आलेलं होतं, आणि वहिनींनी दाखवला तो गोल नगरपालिकेच्या खांबावरचा होता, असा माझा दाट संशय आहे. पण उपास त्यांच्या जेवणाच्या वेळेला सुटला. शेजारीण म्हणाली म्हणे, तुमचा धर्म फार वेळेवर चालतो.

आभाळावरून आठवलं. पुढच्या दोन तासांत आपल्या गल्लीत पाऊस किती वाजता येणार आणि किती वाजता थांबणार, हे सांगणारं रडार तिकडं प्रत्येकाच्या फोनमध्ये असतं. ते बघून लोक कपडे वाळत घालतात. भावाला हे दाखवलं तेव्हा तो म्हणाला, दोन तासांचं काय सांगता? जळगाव जामोद तालुक्यात भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घट मांडतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे वर्षभराचा पाऊस, पिकं आणि राजाची गादी राहते की जाते तेसुद्धा सांगतात. खरं किती निघतं, हा प्रश्न त्याला कुणी विचारला नाही. भावाला असले प्रश्न आमच्या घरात विचारत नाहीत. तेवढे आम्ही डच आहोत.

डॉक्टरचा हप्ता थोडक्यात सांगतो, कारण वहिनींना अजून तो विषय सहन होत नाही. ताप आला, अंग दुखायला लागलं. वेळ घेऊन डॉक्टरकडं गेली. डॉक्टरनं नीट ऐकून घेतलं, तपासलं आणि सांगितलं, पॅरासिटामॉल घ्या, घरी झोपा, आठवड्यानं बरं वाटेल. सुई नाही, सलाईन नाही, तीन रंगांच्या गोळ्यांची पुडी नाही. आठवड्यानं बरं वाटलं, ही गोष्ट निराळी. वहिनींचं म्हणणं, ते तिच्या नशिबानं.

तर अशी ती न विचारणाऱ्या देशात कोमेजत चालली असताना तिला थाई बाई भेटली.

तिथल्या वाचनालयात परदेशातून आलेल्यांसाठी भाषा बोलायचा कट्टा भरतो. ही गेली, कोपऱ्यात बसली. शेजारी बसलेल्या बाईनं हिच्याकडं पाहिलं आणि मोडक्या डचमध्ये पहिलाच प्रश्न केला, "जेवलीस का?" सूनबाईच्या डोळ्यांत पाणीच आलं. ती बाई ईशान्य थायलंडमधल्या इसान भागातली. तो भाग पावसावर अवलंबून, शेती कोरडवाहू, माणसं पोटासाठी बँकॉकला जाणारी. म्हणजे आमचाच कुणी तरी लांबचा सोयरा. तिकडं भेटल्यावर 'जेवलीस का' आणि 'कुठं चाललीस' हेच रामराम. नेदरलँड्समध्ये नवीन असताना तिनंही शेजाऱ्याला जिन्यात रोज विचारलं होतं, कुठं चालले? चौथ्या की पाचव्या दिवशी तो थांबला आणि त्यानं शांतपणे विचारलं, हे तुम्हाला का हवंय?

तिचा नवरा डच. तिला इकडं येण्याआधीच परीक्षा द्यावी लागली होती. 2006 पासून तिथं तसा कायदा आहे: नवऱ्यामागं यायचं तर आधी आपल्याच देशात बसून डच भाषेची आणि डच समाजाच्या माहितीची परीक्षा पास व्हायची, मगच पुढचं. आमच्या पुतण्याला कंपनीनं खास कामासाठी बोलावलेलं, म्हणून त्याच्या बायकोला ती माफ. वहिनींना ही पद्धत एकदम पसंत पडली. आपल्याकडं सुनेची परीक्षा लग्नानंतर घेतात, आणि तिचा निकाल लागत नाही.

दोघींचं पुढं मेतकूट जमलं ते मिरचीवरून. सूनबाईनं इथून मिक्सर नेला होता, पण मिक्सरमधला ठेचा हा ठेचा नव्हे, हे ती आणि मी दोघंही मानतो. मिरचीचं पाणी होतं, लसणाचं पीठ होतं आणि दाण्यांचा कूट गरीब बिचारा मधे तरंगतो. थाई बाईकडं दगडी खल होता, हातभर उंच, बत्ता एका हातानं उचलत नाही असा. त्यांच्याकडंही भाजलेली हिरवी मिरची आणि लसूण असाच ठेचून खातात; फक्त त्यात माशाचं किंवा कोळंबीचं काही तरी पडतं. ते वजा करायचं ठरलं. एका शनिवारी मिरच्या तव्यावर डाग पडेपर्यंत भाजल्या, लसूण, जाडं मीठ, आणि दोघी आळीपाळीनं ठोकायला बसल्या. ठसका जिन्यापर्यंत गेला. थोड्या वेळानं दार वाजलं. खालच्या मजल्यावरचे आजोबा. त्यांनी विचारलं, भिंत पाडण्याचं काम किती वाजेपर्यंत चालेल, म्हणजे मला तसं नियोजन करता येईल.

दोघींनी त्यांना खल दाखवला आणि लाजेकाजेस्तव चमचाभर ठेचा पुढं केला. इथं आमच्या स्वयंपाकघरात श्वास रोखले गेले. गोऱ्या माणसाची आता त्रेधा उडणार, नाकाडोळ्यांतून धारा लागणार, या आशेनं खिडकीतल्या बायका पुढं सरकल्या. आजोबांनी चव घेतली. "सांबाल," ते म्हणाले. इंडोनेशियावर डच लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या राज्य केलेलं. तिथली मिरचीची चटणी त्यांच्या घरोघरी बाटलीत असते. आजोबांनी वाटीभर मागून घेतला, पावाला लावून खातो म्हणाले आणि खाली गेले. वहिनींची घोर निराशा झाली. भाऊ म्हणाला, इंग्रजांनी आपल्यावर दीडशे वर्षं राज्य केलं, पण त्यांना ठेचा काही झेपला नाही. खामगावचा कापूस तेवढा उचलला. 1823 साली अलेक्झांडर नावाच्या त्यांच्या एका अधिकाऱ्यानं लोणारचं विवर पाहिलं, तर म्हणे त्यानं शोधून काढलं. तिथल्या झऱ्याच्या धारेवर अंघोळी करणारे आमचे लोक तेव्हा काय करत होते कोण जाणे.

गेल्या रविवारी थाई बाई स्वतः फोनवर आली. सूनबाई मधे दुभाषी. वहिनींनी पदर सारखा केला आणि सुरुवात केली: जेवली का, नवरा काय करतो, पगार किती, लेकरं किती, माहेरी कोण कोण, सासूचं अन् तुझं पटतं का. नेदरलँड्समध्ये इतक्या दिवसांत जे कुणी विचारलं नव्हतं, ते सगळं पाच मिनिटांत विचारून झालं. ती बाई एकेका प्रश्नावर खुलत गेली आणि पगारसुद्धा सांगून टाकला, तो पुतण्यानं भाषांतर होण्याआधीच रुपयांत मोजला. मग तिची पाळी. तुमची साडी कितीची, गळ्यातलं सोन्याचं आहे का, आणि तुमचं वय किती? त्यांच्याकडं वय विचारल्याशिवाय चालत नाही. थोरली कोण आणि धाकटी कोण हे ठरल्याखेरीज हाक कशी मारायची, हेच कळत नाही.

वहिनी अडखळल्या. खिडकीतल्या दोघी कान देऊन उभ्या. "छप्पन," वहिनी म्हणाल्या. भावानं वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. सूनबाईनं क्षणभर सासूकडं पाहिलं, आणि डचमध्ये जो आकडा सांगितला तो ऐकून थाई बाईनं लगेच हात जोडून, मान चांगली खाली वाकवून नमस्कार केला. छप्पनला कोणी एवढं वाकत नाही, हे वहिनींच्या लक्षात आलं आहे. या रविवारी त्या विचारणार आहेत.